सापडलेल्या लेकी



आज एका प्रवासाविषयी बोलायचं आहे. जाताना दोघं जायची आणि येताना तिघं यायची, असा हा प्रवास. १९९२ सालापासून पुढची जवळजवळ तीन दशकं अमेरिका, कॅनडा, स्पेन, नेदरलँड्स, स्वीडन अशा देशांतली कुटुंबं चीनला जात राहिली आणि तिथून एकेक मूल कडेवर घेऊन परत आली. त्यांत बहुतेक मुली होत्या. अशी एक लाख साठ हजारांहून अधिक मुलं चीनबाहेर गेली. त्यांतली निम्मी, म्हणजे ८२ हजारांच्या वर, एकट्या अमेरिकेत. सप्टेंबर २०२४ मध्ये चीन सरकारनं जाहीर केलं, की यापुढे परदेशी माणसांना मुलं दत्तक दिली जाणार नाहीत. जवळच्या रक्ताच्या नात्यातली मुलं आणि सावत्र मुलं एवढाच काय तो अपवाद. ती वाट आता बंद झाली आहे.

मी स्वतः चीनला गेलेले नाही. पण या आईबापांनी लिहून ठेवलेलं आणि पुढं मोठ्या झालेल्या लेकींनी लिहिलेलं मी बरंच वाचलं. आपल्या घरातली एक जुनी गोष्ट मनात असल्यामुळं असेल, पण ते वाचताना मला थांबता आलं नाही. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी हा प्रवास कसा व्हायचा ते ऐका.

सुरुवात कागदांनी व्हायची. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पगाराचा, डॉक्टरचा, पोलिसांचा. समाजसेविका घरी येऊन घर बघून जायची, नवराबायकोला तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारायची. प्रत्येक कागदावर नोटरीचा शिक्का, त्यावर सरकारी शिक्का, त्यावर चिनी वकिलातीचा शिक्का. मग तो सगळा गठ्ठा बीजिंगला. तिथलं सरकारी कार्यालय कोणतं मूल कोणाला, ते ठरवायचं. दोन हजार सालाच्या आसपास वर्षभर वाट पाहावी लागे. पुढं ती मुदत अनेक वर्षांवर गेली. आणि एके दिवशी एक पाकीट यायचं. आत मुलीचं छायाचित्र, वजन, उंची, डोक्याचा घेर आणि एक चिनी नाव. पासपोर्टएवढं ते छायाचित्र आईबाप फ्रीजवर लावायचे, पाकिटात ठेवायचे, ऑफिसात दाखवायचे. न पाहिलेल्या लेकीवर माया जडायला तेवढं पुरायचं.

दीडदोन महिन्यांनी प्रवासाची परवानगी येई. आठदहा कुटुंबांचा गट एकत्र निघायचा. सामानात दुधाची पावडर, लंगोट, तापाचं औषध, आणि अनाथालयाला द्यायच्या देणगीचे सुमारे तीन हजार डॉलर. तेही कोऱ्या करकरीत नोटांमध्ये. आधी त्या त्या प्रांताच्या राजधानीत जायचं. चांगशा, नानचांग, वूहान, नानिंग. तिथं हॉटेलात नाही तर सरकारी कचेरीत अनाथालयाच्या दाया बाळं घेऊन यायच्या. एकेका कुटुंबाचं नाव पुकारलं जाई आणि बाळ हातात दिलं जाई. सही, अंगठा, फोटो. ज्या क्षणासाठी वर्षानुवर्षं झुरायचं, तो क्षण दोनपाच मिनिटांत उरकायचा.

त्या क्षणी आईबाप रडायचे, आणि बाळंही रडायची. आईबापांचे अश्रू आनंदाचे होते. बाळाचे कसले होते? त्या दहाबारा महिन्यांच्या जिवाला ओळखीचा असलेला एकुलता एक वास, म्हणजे त्या दाईचा, दारातून निघून चालला होता. काही मुलं रात्र रात्र आकांत करायची, तर काही अगदी गप्प होऊन छताकडं बघत राहायची. पुष्कळ आयांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे, की गप्प बसणाऱ्या बाळाची भीती जास्त वाटायची.

नंतर अमेरिकन कुटुंबं ग्वांगचौला जायची, कारण व्हिसाचं काम तिथल्या अमेरिकन वकिलातीत होई. नदीकाठी शामियान नावाचं बेट आहे, तिथं व्हाइट स्वान नावाचं मोठं हॉटेल. एका काळी तिथल्या जेवणघरात जिकडं पाहावं तिकडं गोरे आईबाप आणि मांडीवर चिनी बाळं. बाळांना रेशमी कपडे घालून, तिथल्या लाल कोचावर रांगेनं बसवून फोटो काढायची प्रथाच पडली होती. २००५ हे सगळ्यात गर्दीचं वर्ष. त्या एका वर्षात सुमारे ७ हजार ९०० मुलं अमेरिकेला गेली.

इथवरची गोष्ट गोड आहे, आणि ती खोटीही नाही. त्या घरांमध्ये या मुलींवर खरोखर जीव लावला गेला. पण गोष्टीचं पहिलं पान यात कुठंच नाही. ते पान कुठं गेलं, हे विचारलंच पाहिजे.

पहिल्या पानाच्या जागी असायची एक जाहिरात. मूल परदेशी देण्याआधी अनाथालयाला वर्तमानपत्रात छापावं लागे, की अमुक मुलगी अमुक दिवशी अमुक ठिकाणी सापडली. आईबाप असतील त्यांनी साठ दिवसांत यावं. छोट्या छोट्या चौकटींत ओळीनं बाळांचे चेहरे, आणि खाली सापडल्याची जागा. बाजाराचं तोंड, पोलीस चौकीची पायरी, अनाथालयाचं फाटक. कधी बाळासोबत तांबड्या कागदाची चिठ्ठी असायची. तीवर जन्माची तारीख आणि वेळ. सही मात्र नसायची, कारण मूल टाकणं गुन्हा होता. ज्या घरांनी ते कात्रण मिळवलं, त्यांनी ते जपून ठेवलं. लेकीच्या आधीच्या आयुष्याचा तेवढाच पुरावा.

या मुली तिथं सापडल्या कशा? एक मूल धोरण १९८० च्या सुमारास आलं आणि २०१५ पर्यंत चाललं. बऱ्याच ग्रामीण भागांत पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या मुलाची मुभा असे. म्हणजे दुसरी संधी, आणि तीही शेवटची. म्हातारपणी सांभाळणार मुलगा, आणि मुलगी लग्न होऊन जाणार, हा हिशेब तिथंही होता. त्यामुळं संकट ओढवलं ते दुसऱ्या, तिसऱ्या मुलीवर. परवानगीवाचून मूल झालं तर जबर दंड, कुठं नोकरीवर गदा, कुठं सक्तीची नसबंदी.

‘चिनी आईबापांना मुली नको होत्या’, हे वाक्य जगानं सहज उचललं. अमेरिकेतल्या के ॲन जॉन्सन या प्राध्यापक बाईंनी ते वाक्य तपासलं. त्या स्वतः चीनमधून मुलगी दत्तक घेतलेल्या आई. खेडोपाडी जाऊन, मूल सोडलेल्या आणि मूल घेतलेल्या घरांशी त्या वर्षानुवर्षं बोलल्या. ‘मुलगी हवी, मुलगा लागतो’ अशा अर्थाचं नाव असलेलं त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं. त्यांना दिसलं, की पुष्कळ घरांना मुलगी हवीच होती. एक मुलगा, एक मुलगी, असं भरलेलं घर लोकांना आवडत होतं. सापडलेली मुलगी वाढवायला गावातलीच माणसं पुढं येत होती. पण १९९२ पासून लागू झालेल्या कायद्यात दत्तक घेणारा पस्तिशीच्या पुढचा आणि निपुत्रिक हवा, अशी अट होती. ती १९९९ मध्ये सैल झाली. म्हणजे ज्या मुलीला शेजारच्या गावात आई मिळू शकली असती, तिच्यासाठी तो दरवाजा बंद आणि समुद्रापारचा उघडा, असा तो कायदा होता.

आणि जिथं देणगी येते, तिथं लोभही येतो. २००५ मध्ये हूनान प्रांतात बाळांच्या खरेदीविक्रीचं प्रकरण उघडकीला आलं. अनाथालयं पैसे मोजून बाळं घेत होती. २०११ मध्ये ‘त्साइशिन’ या चिनी नियतकालिकानं आणखी भयंकर हकीगत छापली. त्याच प्रांतातल्या शाओयांग भागात दंड न भरणाऱ्या घरांतून कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी मुलं उचलून नेली होती आणि अनाथालयात भरती केली होती. कागदावर मात्र तीही ‘सापडलेली’. पलीकडं ज्यांनी प्रेमानं त्यांना कडेवर घेतलं, त्या आईबापांनी हे वाचलं तेव्हा त्यांच्या काळजात काय झालं असेल, याचा विचार करा.

मी कविता लिहिणारी बाई, त्यामुळं नावांपाशी जरा जास्त अडखळते. कित्येक अनाथालयांत सगळ्या मुलांना एकच आडनाव लावत. कुठं ‘ग्वो’, म्हणजे देश. कुठं ‘दांग’, म्हणजे पक्ष. बापाच्या नावाच्या जागी पक्ष! परदेशी गेल्यावर ते नाव मधे सरकायचं किंवा गळून पडायचं. चीनच्या खेड्यांत मुलींचं आणखी एक नाव असतं, ‘झाओदी’. अर्थ, धाकट्या भावाला बोलावणारी. हे ऐकून आपण फार हळहळायचं कारण नाही. आपल्याकडं ‘नकोशी’, ‘नकुसा’ ही नावं शाळेच्या हजेरीपटावर होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली, तेव्हा आपल्याला त्यांची आठवण झाली.

आता घरातली गोष्ट. माझ्या खालाला मूलबाळ नव्हतं. तिचे दीर आणि जाऊ एकाच वर्षात गेले, मागं दोन वर्षांची मुलगी. खालानं तिला पदराखाली घेतलं. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा गुरुजी चांगल्या मनानं म्हणाले, ‘‘बाई, वडील म्हणून तुमच्या मालकांचंच नाव लावा. पोरीला पुढं सोपं जाईल.’’ खाला म्हणाली, ‘‘नाम उसके बाप का दिया हुआ हय, गुरुजी. मैं कौन होती छीननेवाली?’’

मला तेव्हा खालाचा राग यायचा. एवढं करतेस, मग नाव का देत नाहीस? आमच्या धर्मात वाढवलेल्या मुलाला त्याच्या जन्मदात्याच्या नावानं ओळखावं, असा दंडक आहे. पैगंबरांनी झैदला मुलासारखं वाढवलं, लोक त्याला ‘मुहंमदचा मुलगा’ म्हणू लागले. पुढं तो पुन्हा ‘हारिसाचा मुलगा झैद’ झाला. लहानपणी मला हे कोरडं वाटायचं. वाढवायचं आणि परकंही ठेवायचं? आपल्या देशात हवं असेल तर मुसलमानांनाही बाल न्याय कायद्याखाली रीतसर दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं. ते चांगलंच झालं. वारसाहक्कावाचून कुठल्याही मुलाचं अडू नये.

पण या चिनी लेकींचं लिहिणं वाचलं आणि खाला मला नव्यानं कळली. त्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर चार नावं छापली होती. दोन मरहूम आईबापांची, दोन खाला-खालूंची. मांडवात कुणाला ते विचित्र वाटलं नाही. शब-ए-बरातला खालू तिला कबरस्तानच्या दारापर्यंत न्यायचे आणि तिथून बोट दाखवून सांगायचे, ते तुझे अब्बा. आपण कुठून आलो हे तिला कधी शोधावं लागलं नाही. त्यानं खालाची माया कमी झाली का? ती म्हातारी आजारी पडली तेव्हा उशाशी हीच मुलगी होती.

चीनहून गेलेल्या पहिल्या मुली आता तिशीच्या घरात आहेत. त्यांतल्या कित्येक जणी आता उलट प्रवास करतात. अनाथालयाचं फाटक बघायला जातात, रस्त्यावर पत्रकं वाटतात, डीएनए तपासणीसाठी लाळेचे नमुने देतात. थोड्यांना आईबाप भेटले. बहुतेकींना नाही. ज्यांना भेटले, त्यांतल्या काहींना कळलं, की घरात आपला वाढदिवस कुणीतरी आठवत होतं. सोबत वाढवणारी आईही गेलेली असते कधी. एका घरात दोन आया समोरासमोर बसतात, मधे दुभाषा. त्या भेटीचं वर्णन मी करणार नाही. ज्यांची ती आहे त्यांनीच करावं.

आणि एक शेवटचं. २०२० मध्ये करोनामुळं प्रवास थांबले, तेव्हा शेकडो घरांत अशी छायाचित्रं येऊन पडली होती. मुलांना सांगूनही झालं होतं, की तुम्हाला न्यायला आम्ही येतो आहोत. त्यांतली काही मुलं आजारी, काही अपंग. चार वर्षं वाट पाहिल्यावर २०२४ ची ती घोषणा आली. ती मुलं आता कुणाची? मोठ्यांच्या धोरणांत चूक कुणाचीही असो, वाट पाहायला शिकवलेलं मूलच मागं राहतं.

म्हणून वाटतं, की मूल कुठूनही आणा, समुद्रापारहून नाही तर शेजारच्या गल्लीतून. त्याला घर द्या, हक्क द्या, हवं तर आपलं नावही द्या. फक्त त्याचं आधीचं नाव, चिठ्ठी, कात्रण, जे काही हाती लागेल ते फेकू नका. एका डब्यात जपून ठेवा. एक दिवस ते मागायला येईल, तेव्हा डबा आपल्याच हातानं उघडून देता आला पाहिजे.