पाण्यातील सोमल : ॲलन्सवर्थ आणि आपल्या घरच्या विहिरी



दरवर्षी मार्च महिन्यात आपण महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण करतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे येथे जन्मलेल्या आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याआधीच्या कागदपत्रांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव संमत झाला होता आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीरही केले होते. म्हणजे हक्क कागदावर होता. ओंजळ कोरडी होती. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकालात निघण्यास १९३७ साल उजाडले. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्यातही कागद आणि ओंजळ यांमधील हेच अंतर आहे. येथे पाण्याच्या आड कोणी माणूस उभा नाही. पाण्यातच एक मूलद्रव्य विरघळलेले आहे.

ते मूलद्रव्य म्हणजे आर्सेनिक. त्याच्या पांढऱ्या भुकटीस आपल्याकडे सोमल म्हणतात. गंधकाशी संयोग पावलेली त्याची पिवळी व तांबडी खनिजे म्हणजे हरताळ आणि मनशीळ. जुन्या पोथ्यांचे लेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत, म्हणून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. युरोपात सोमलाने अक्षरे नव्हे, माणसेच पुसली. रंग नाही, गंध नाही, चव जवळजवळ नाही, आणि लक्षणे पटकीसारखी. त्यामुळे वारसाहक्कासाठी विषप्रयोग करणाऱ्यांचे ते आवडते साधन होते. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याचा सूक्ष्म अंश ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे या गुन्ह्यास आळा बसू लागला. तरीही त्याच शतकात सोमलाचा हिरवा रंग श्रीमंतांच्या भिंतींवर मिरवत होता, आणि पुढे अमेरिकेतील सफरचंदांच्या बागांवर शिशाचे आर्सेनेट फवारले गेले. हेच द्रव्य औषधही झाले. १९१० साली उपदंशावरील सालवर्सान बाजारात आले, तर २००० साली रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर सोमलाच्या उपचारास या देशात मान्यता मिळाली.

पाण्यातील सोमल बहुधा कोणी मिसळलेला नसतो. तो खडकातून पाझरतो. एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम, इतके त्याचे प्रमाण. परंतु वर्षानुवर्षे पोटात गेल्यास तळहात व तळपाय जाड, खरखरीत होतात आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा संभव वाढतो. बांगलादेशात तळ्यांच्या दूषित पाण्यापासून लोकांना वाचविण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्याच नळ्यांतून कोट्यवधी माणसांच्या शरीरात हे विष गेले.

अमेरिकेत १९४२ साली लिटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. ती दहावर आणण्याचा नियम २००१ साली झाला आणि त्याचे पालन २००६ पासून बंधनकारक झाले. साठ वर्षे विज्ञान पुढे जात होते आणि आकडा जागचा हलत नव्हता. लहान गावांना खर्च झेपणार नाही, हा आक्षेप तेव्हा सतत घेतला जात असे. आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावरचा उपाय गावांना पैसा देणे हा होता, विष पिऊ देणे हा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशाच एका लहान गावाची हकीगत आपल्या समाजाने आवर्जून जाणून घ्यावी. ॲलन ॲलन्सवर्थ हे १८४२ साली केंटकी राज्यात गुलामगिरीत जन्मले. यादवी युद्धात पळून उत्तरेच्या सैन्यास मिळाले, पुढे सैन्यात धर्मोपदेशक झाले आणि १९०६ साली लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. १९०८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कॅलिफोर्नियातील टुलारी काउंटीत काळ्या लोकांनी वसविलेले, काळ्या लोकांनीच चालविलेले गाव उभे केले. शाळा, ग्रंथालय, स्वतःचा न्यायाधीश, सारे काही होते. जमीन विकणाऱ्या कंपनीने कबूल केलेले पाणी मात्र पुरेसे मिळाले नाही. १९१४ साली रेल्वेने आपला थांबा शेजारच्या गावी हलविला आणि त्याच वर्षी मोटारसायकलच्या धडकेने कर्नल ॲलन्सवर्थ यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बाबासाहेब न्यूयॉर्क बंदरात उतरले होते.

१९६६ साली ॲलन्सवर्थच्या पाण्यात आर्सेनिक सापडले आणि उरलेसुरले गावही रिकामे होऊ लागले. जुन्या वस्तीचे आज राज्य-उद्यान आहे. लगतच्या वस्तीत मुख्यतः लॅटिनो शेतमजूर राहतात. त्यांच्या विहिरींतील पाणीही मर्यादेबाहेर गेले आणि शेतात राबणाऱ्या कुटुंबांना पिण्याचे पाणी विकत आणावे लागले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधनाने त्या खोऱ्यातील एक कारण दाखविले. बेसुमार उपशामुळे जमिनीखालील चिकणमातीचे थर स्पंजासारखे पिळले जातात आणि त्यांतील आर्सेनिक विहिरीत उतरते. उपसा कोणाच्या बागांसाठी होतो आणि ते पाणी कोणाच्या घागरीत येते, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगावे लागत नाही. स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचा कायदा कॅलिफोर्नियाने २०१२ सालीच केला आहे. पुन्हा कागद!

याच ॲलन्सवर्थमध्ये बर्कली येथील प्रा. अशोक गाडगीळ यांच्या चमूने आपल्या यंत्राची चाचणी घेतली, याचा आपणांस आनंद वाटेल. मूळचे मुंबईचे, तेथील विद्यापीठातच शिकलेले हे शास्त्रज्ञ. त्यांची युक्ती समजण्यास सोपी आहे. पाण्यात लोखंडी पट्ट्या ठेवून अल्पसा वीजप्रवाह सोडायचा. लोखंडाचा गंज तयार होतो, आर्सेनिक त्या गंजास चिकटते, आणि गाळ खाली बसला की पाणी निवळते. पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेत याच तत्त्वावरचा संच आधी उभा राहिला होता.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्यापैकी अनेक कुटुंबे न्यू जर्सीतील हंटरडन, सॉमरसेट, मर्सर या काउंट्यांत स्थिरावली आहेत. तेथील लाल खडकात आर्सेनिक नैसर्गिकरीत्या आहे. वर सांगितलेला दहाचा नियम सार्वजनिक नळयोजनांना लागू आहे. खाजगी विहिरीस केंद्राचा कोणताही नियम लागू नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१७ साली केलेल्या अंदाजानुसार सुमारे २१ लाख लोक मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असलेल्या खाजगी विहिरींचे पाणी पितात. न्यू जर्सीने नळयोजनांसाठी पाचची कडक मर्यादा घातली आणि घर विकताना विहिरीची तपासणी सप्टेंबर २००२ पासून सक्तीची केली. परंतु त्यापूर्वी घेतलेले आणि अद्याप न विकलेले घर या कायद्याच्या हाती लागत नाही. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात तर घर विकतानाही अशी सक्ती नाही.

आपल्या स्वयंपाकघरांतील दोन समजुतींविषयी बोलणे अवश्य आहे. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. कोळशाच्या साध्या गाळणीच्या जगवरही विसंबू नये. ओट्याखाली बसविण्याचे रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र उपयोगी पडते, पण ते बसविल्यानंतर पुन्हा तपासणी करावी. भाताचे पीक जमिनीतील आर्सेनिक ओढून घेते, म्हणून आपल्या आज्यांप्रमाणे भरपूर पाण्यात शिजवून वेळलेला भात हितकारक ठरतो. अर्थात ते पाणी निर्दोष असेल तरच. तान्ह्या मुलांचे दूध भुकटीपासून करणाऱ्या मातांनी तपासणी आधी करावी, बाकी सर्व मागाहून.

ही तपासणी राज्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी. बाटली प्रयोगशाळाच देते. नमुना भरताना नळाला गाळणी जोडलेली नसावी आणि अर्जावर 'आर्सेनिक' हा शब्द स्पष्ट लिहावा, कारण जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत त्याचा समावेश नसतो. ज्यांना इंग्रजी अर्ज भरणे अवघड वाटते अशा वडीलधाऱ्यांसाठी आम्ही भोजनोत्तर येथेच, प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर बसणार आहोत. जय भीम.