ऐन नाताळात मिक्सर बंद पडला तर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा सुरू झाला. ख्रिस्ती घरांमध्ये करंज्या, शंकरपाळ्या, चकल्यांची धांदल असेल. ज्यांच्याकडे सण नाही, त्यांच्याकडेही सुट्टीला आलेली पोरं आणि पाहुणे आहेतच. आणि मिक्सर-फ्रीजला बिघडायला नेमके हेच दिवस सापडतात!

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. २३ तारखेला पिठीसाखर दळता दळता मिक्सर बंद. घेऊन चारच महिने झालेले, तेही गटाच्या कर्जातून. कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं, माणूस नाताळानंतर येईल. बाजारातला एक दुरुस्तीवाला बघताक्षणी म्हणाला, मोटार जळली, बाराशे रुपये होतील, ठेवून जा. ताई ठेवणारच होत्या. सोबतची मैत्रीण म्हणाली, "अगं, आधी उलटा करून तर बघ."

बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक लहानसं बटण असतं, बऱ्याचदा लाल. भांडं गच्च भरलं किंवा यंत्र बराच वेळ सलग चालवलं की मोटार तापते आणि ते बटण आपोआप सुटून वीज तोडतं. मोटार जळू नये म्हणूनच ती सोय. पिन काढायची, अर्धा तास मिक्सर गार होऊ द्यायचा, भांडं थोडं रिकामं करायचं आणि बटण दाबायचं. ताईंचा मिक्सर तेवढ्यानेच चालू झाला. मोटारीचा आवाज येतो पण पातं फिरत नाही, असं झालं तर भांड्याखालचा कपलर झिजलाय का बघा. तो भाग स्वस्तात बदलून मिळतो. मात्र जळका वास आला किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर पिन काढा आणि हात लावू नका. मग शेजारणीचा मिक्सर मागा, नाहीतर मोरीत कपडे धुवायला टाकलेला पाटा घासून आत आणा.

फ्रीज बंद पडला तर सारखं दार उघडून बघू नका. दार बंद राहिलं तर साधारण चार तास आत गारवा टिकतो. दूध आधी तापवून घ्या, मटण-मासळी त्याच दिवशी शिजवा.

वॉरंटीतली वस्तू बाहेरच्या माणसाला उघडू देऊ नका. नंतर कंपनी त्याच कारणाने हात झटकू शकते. सुट्टी असली तरी फोनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक, तारीख वहीत लिहा. चालढकल झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. २४ डिसेंबर हा आपला राष्ट्रीय ग्राहक दिन, कारण १९८६ मध्ये त्याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. आता २०१९ चा कायदा आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही.

पण बिल हवं! दुकानातल्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षभरात उडते, आणि आपण तो कागद मसाल्याच्या डब्यामागे खुपसून ठेवतो. येत्या मासिक बैठकीला मिक्सर, फ्रीज, शिलाई मशीन, ज्याचं असेल त्याचं बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन या. झेरॉक्स काढून गटाच्या फाइलला लावू.