काडीमोड, कोर्ट आणि पोटगी



आम्ही वकील नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, कामगारांचे कागद वाचता वाचता. त्या कचेरीत माणूस पगारवाढीसाठी येतो, तसाच घरचे गाऱ्हाणे घेऊनही येतो. म्हणून ह्या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी एक कामगार वारला आणि त्याच्या फंडासाठी दोन बायांचे दोन अर्ज पुढे आले. पहिलीला त्याने स्टँपाच्या कागदावर सोडचिठ्ठी दिली होती. साक्षीदारांच्या सह्या होत्या, नोटरीचा शिक्काही होता. दुसरीशी लग्न देवळात, चारचौघांदेखत लागले होते. कोणाच्याच मनात लबाडी नव्हती. परंतु कोर्टात तो कागद टिकला नाही, आणि बारा वर्षे संसार केलेली दुसरी बाई कायद्याने बायकोच ठरली नाही. तिच्या मुलांना कायदा औरस मानतो, एवढाच काय तो दिलासा.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा रूढीने होणारा काडीमोड अजिबात नाकारीत नाही. परंतु आपल्या जातीत तशी जुनी, अखंड चालत आलेली रूढी आहे, हे कोर्टात शाबीत करावे लागते. ते झाले नाही तर सोडचिठ्ठी हा कोरा कागद.

मग वाटा कोणत्या? पहिली, लग्न न मोडता पोटगी मागण्याची. ऐपत असून नवरा सांभाळीत नसेल, तर पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली अर्ज होई; १ जुलै २०२४ पासून तेच नव्या संहितेचे १४४ वे कलम झाले आहे. येथे एक खाच आहे. 'आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो' असे बाईने लिहून दिले, तर ह्या कलमाखालची पोटगी अडू शकते. तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा. घरात मारहाण असेल, तर २००५ च्या कायद्याने संरक्षणाचा आणि राहत्या घरात राहू देण्याचा हुकूम मागता येतो.

दुसरी वाट न्यायिक विभक्ततेची. तीत लग्न कायम राहते, एकत्र राहण्याचे बंधन सुटते. मात्र दुसरे लग्न करता येत नाही. हुकुमानंतर वर्षभर संसार पुन्हा जुळला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो.

तिसरी वाट संमतीच्या घटस्फोटाची. ती ह्या कायद्यात १९७६ साली आली. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच सांगावयाचे. योग्य प्रकरणी ही मुदत कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. संमती नसेल तर छळ, दोन वर्षांचा परित्याग असे कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. ख्रिस्ती, पारशी, मुसलमान ह्यांचे कायदे निराळे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलेल्यांचाही निराळा.

वकिलाला पैसे कोठून आणावयाचे, असे बाया विचारतात. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कारखान्यातील कामगारालाही मिळतो. जिल्हा कोर्टात विधिसेवा प्राधिकरणाची कचेरी विचारावी.

वाटाघाटींत आमचे आयुष्य गेले. मालकाने तोंडी कबूल केलेला बोनस पुष्कळदा हातात पडत नाही, हे आम्ही पाहिले आहे. नवराबायकोचेही तसेच समजा. जुळत असेल तर जरूर जुळवा; जुळत नसेल तर मुले कोणाकडे, त्यांना भेटावयाचे केव्हा, घर कोणाचे, दागिने आणि पोटगी किती, हे सारे अर्जात लिहा आणि कोर्टाचा हुकूम घ्या. तो हातात येईपर्यंत दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडू नका. त्या दोन बायांपैकी एकीला जरी हे वेळेवर कळले असते, तरी आज आम्हाला इथे उभे राहावे लागले नसते.