मुदत संपायला दोन महिने असताना

बँकेची बाई ठेवींऐवजी बास्केटबॉलवर काय बोलतेय, असं तुम्हाला वाटेल. पण चंडीगडात हा खेळ परका नाही. इथलाच अमज्योत सिंग अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ब्लू संघाकडून खेळला. तुमच्याही घरात पहाटे उठून एनबीएचा सामना लावणारं कुणीतरी असेल. त्याला ‘एक्स्पायरिंग कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे काय ते विचारा.

एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाला खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्हीकडचे पगार साधारण जुळवावे लागतात. म्हणून ज्याचा करार याच हंगामात संपतो, असा महागडा खेळाडू मैदानावर सुमार असला तरी सौद्यात कामाला येतो. त्याला घेणाऱ्या संघाचं ओझं काही महिन्यांत उतरतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने हेच केलं. क्वामी ब्राउनचा पगार वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर होता आणि खेळावर प्रेक्षक नाराज. पण करार त्याच हंगामात संपत होता. मेम्फिसला खर्च कमी करायचा होता. त्यांनी क्वामी, आणखी काही खेळाडू आणि पुढच्या निवडीचे हक्क घेतले आणि पाउ गसोल लेकर्सला दिला. लेकर्सने २००९ आणि २०१० ची विजेतेपदं जिंकली. मेम्फिसला तेव्हा सगळे हसले, पण त्याच सौद्यात पाउच्या धाकट्या भावाचे, मार्कचे हक्क त्यांना मिळाले होते आणि तो २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला. असो.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. लेकर्स हंगाम संपेपर्यंत थांबले असते, तर क्वामी तसाच निघून गेला असता आणि पगार जुळवायला हातात काही उरलं नसतं. त्या कराराचा उपयोग होता तो तारीख उलटण्याआधी.

आता घरातली मुदत ठेवीची पावती आठवा. उपमा फार ताणत नाही, ठेवीचे पैसे कुठे निघून जात नाहीत. पण मुदत जवळ आलेली ठेव हातात असताना लोक घाबरून ती मोडतात. माझ्या वडिलांनी तेच केलं. बहिणीच्या प्रवेशासाठी तीन लाख हवे होते आणि पाच वर्षांच्या चार लाखांच्या ठेवीला दोन महिने राहिले होते. समोरच्या कर्मचाऱ्याने फॉर्म पुढे केला, वडिलांनी सही केली. मी तेव्हा एम.कॉम.ला होते. मलाही काही सुचलं नाही.

आकडे बघा. व्याज ७ टक्के आणि मोडण्याचा दंड १ टक्का धरा. हा दंड उरलेल्या दोन महिन्यांवर बसत नाही, मागच्या ५८ महिन्यांच्या व्याजदरातून कापला जातो. चार लाखांवर तो फटका सुमारे २६ हजारांचा. त्याऐवजी ठेवीवर तीन लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी काढलं असतं, तर दोन महिन्यांचं व्याज झालं असतं ४ हजार. ठेवीवरचं व्याज चालूच राहिलं असतं. मुदत पूर्ण होताच कर्ज फेडून उरलेले पैसे खात्यात. (पाच वर्षांची करबचत ठेव मात्र मुदतीआधी मोडताही येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्या.)

दुसरी चूक याच्या उलट. तारीख येते आणि जाते. ‘आपोआप नूतनीकरण’ या चौकोनात खूण असेल, तर ठेव बहुधा पुन्हा तितक्याच मुदतीसाठी अडकते, मग फी जुलैत भरायची असो की लग्न डिसेंबरात. खूण नसेल आणि तुम्ही पैसे काढले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार त्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी तोच मिळतो. दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. तिथून ती परत मिळते, पण खेटे घालावे लागतात.

मी स्वतः दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या पावत्या काढते आणि मुदतीची तारीख दोन महिने आधीच्या पानावर कॅलेंडरात लिहिते. आज पावत्या सोबत आणल्या असतील तर पुढे या, तारखा इथेच बघू. खूण बदलायचा अर्ज माझ्याकडे आहे.