फाईल, तारीख आणि धीर
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



दहावी-बारावीचा निकाल लागला की पेढे वाटून होत नाहीत तोवर दाखल्यांची धावपळ सुरू होते. बऱ्याच जणी म्हणतात, "ताई, मी सातवी शिकलेली, मला ॲडमिशनमधलं काय कळतंय?" अगं, गटाचं दप्तर कोण सांभाळतं? हप्त्याची तारीख कोण पाळतं? आपणच ना! मग हेही जमतंय.

पहिली गोष्ट, फाईल. मुलाच्या नावाची एक फाईल करा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. सगळ्या कागदांवर नाव सारखंच आहे का, ते आजच बघा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढा आणि त्यावरची मुदत वाचा. जात पडताळणीला वेळ लागतो. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीला राखीव जागेतून जायचं असेल तर बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा.

दुसरी गोष्ट, तारीख. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून मैत्रिणीने भरलं तेच भरायचं, असं नको. एसटी किती वाजता आहे, वसतिगृह आहे का, खर्च झेपेल का, हे घरात बसून ठरवा. फॉर्मवर कायम चालू राहणारा मोबाइल नंबर द्या, पासवर्ड वहीत लिहा.

लेकींसाठी खास सांगते. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी मिळत नाही. "सीट मिळवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे आठवा. फीच्या भीतीने लेकीचं लग्न उरकू नका, आधी चौकशी करा.

तिसरी गोष्ट, धीर. कागद पुन्हा काढता येतो, लेकरू पुन्हा मिळत नाही. "शेजारच्या पोराला बघ किती पडले" हे वाक्य घरातून काढून टाका. नापास झालं तर पुरवणी परीक्षा आहे. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला बसता येतं. हे निकालाच्या आधीच मुलांना सांगा.

पोर जेवत नाही, झोपत नाही, गप्प गप्प राहतं, "मी कशाला जगू" म्हणतं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, जवळ बसून ऐका. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आता आपल्या गटाचं काम. येत्या बैठकीत कर्जाच्या विषयानंतर एकच प्रश्न घ्या : कुणाचं लेकरू दहावी-बारावीला आहे आणि कुठला कागद राहिलाय? नावं वहीत लिहा. गावातल्या कॉलेजच्या एका मुलीला फॉर्म भरायला सोबत घ्या. वसुली जशी शंभर टक्के करतो, तशी या वर्षी एकही फाईल अपुरी ठेवायची नाही.