पांढरी मुळी आणि तिचे सोबती



आपल्या बाळकुममध्ये द्राक्षबागा नाहीत, पण बागेशी नातं असलेल्या बायका आपल्या गटांमध्ये आहेत. कुणाचं माहेर निफाडला, कुणाचं दिंडोरीला, तर कुणाचं तासगावला. आपण गाडीवर भाव विचारून अर्धा किलो द्राक्षं घेतो. तिकडे मात्र त्याच मालावर वर्षाचं कर्ज फिटायचं असतं. २६ नोव्हेंबर २०२३ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि कितीतरी बागा हातच्या गेल्या.

गारपीट कुठलंही औषध थांबवू शकत नाही, हे आधीच सांगते. पण वाढतं ऊन, पाण्याची ओढ आणि अवेळी पाऊस सोसायची ताकद वेलीला मुळांतून मिळते, आणि तिथे मातीतले उपयोगी जीव कामाला येतात.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायला लागतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यातच. तेव्हा वेलीची फार ओढाताण झाली, तर ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात. बागायतदार ‘पांढरी मुळी चालतेय का’ असं विचारतात ते यासाठीच. अन्नपाणी घेणारी हीच कोवळी मुळी.

मायकोरायझा नावाची बुरशी या मुळीशी भागीदारी करते. तिचे केसाहून बारीक धागे मुळी पोचत नाही तिथपर्यंत जातात, पाणी आणि स्फुरद आणून देतात. बदल्यात वेल तिला साखर देते. शिवाय त्या धाग्यांमुळे माती कणीदार होते, ओल धरते आणि जादा पाण्याचा निचराही होतो. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी मुळं कुजवणाऱ्या बुरशींना खाते. सुडोमोनास, बॅसिलससारखे जिवाणू मुळांची वाढ आणि प्रतिकारशक्ती वाढवतात.

आमच्या गटात एका ताईंनी भावाच्या बागेसाठी कर्ज मागितलं. ‘चमत्कारी’ जिवाणूंच्या बाटल्या घ्यायच्या होत्या. पैसा सगळ्यांच्या घामाचा, म्हणून आम्ही चार गोष्टी विचारायचं ठरवलं. तुम्हीही विचारा.

एक, बाटलीवर जिवाचं नाव, त्यांची संख्या आणि मुदत छापली आहे का? हा जिवंत माल आहे. उन्हात पडलेला असेल तर मेलेलाच समजा.

दोन, बागेत शेणखत किंवा कंपोस्ट पडतं का? सेंद्रिय खत नसेल तर हे जीव उपाशी राहतात.

तीन, त्याच दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी होणार आहे का? बुरशीनाशकाला आपली बुरशी कुठली आणि परकी कुठली हे कळत नाही. मोरचुदाबरोबर तर मिसळूच नये.

चार, माती परीक्षण झालं आहे का? स्फुरदाची खतं भरमसाट टाकली तर मायकोरायझाची भागीदारी मोडते.

ही उत्तरं आली की बाटल्या किती लागतील ते आपोआप कमी होतं. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर झाकून आठ-दहा दिवस ठेवला की तो खतात वाढतो. मध्ये एकदा खालीवर करायचा. मग ओल असताना वेलीच्या मुळांजवळ द्यायचा आणि वरून उसाचं पाचट पसरायचं, म्हणजे माती तापत नाही.

हे काम गावातला महिला गट सहज करू शकतो. डिपिंग, विरळणी बायकाच करतात, पण मजुरीवर. खत तयार करून विकलं तर तो त्यांचा स्वतःचा धंदा होईल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. शिवाय कृषी विज्ञान केंद्रं आहेत. माहेरी फोन कराल तेव्हा भावाबरोबर वहिनीलाही हे सांगा, आणि आधी दोन ओळींवर करून बघायला सांगा. फरक दिसला तरच पुढे.