प्रतीक्षायादी आणि एक पत्र
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात यशाच्या वार्ता सांगावयाच्या असतात. आम्ही मात्र आज अर्ध्यावर अडकलेल्या यशाविषयी बोलणार आहोत. अमेरिकेतील महाविद्यालये मार्चअखेरीस अर्जांची उत्तरे धाडतात. त्यांत होकार व नकार यांखेरीज एक तिसरे उत्तर असते : तुमचे नाव प्रतीक्षायादीत ठेवले आहे. 2023 साली हे उत्तर आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस आले. तिला गणित शिकावयाचे होते.

ही यादी आपल्या रेल्वेच्या यादीसारखी नव्हे. रेल्वेत आपला क्रमांक तरी कळतो. येथे बहुधा क्रमांकच नसतो. प्रवेश मिळालेल्यांनी 1 मेपर्यंत निर्णय कळवावयाचा, आणि मग जागा उरल्या तरच यादीकडे पाहावयाचे, अशी रीत आहे. एखाद्या वर्षी एकासही बोलावीत नाहीत. पुष्कळ महाविद्यालये 'कॉमन डेटा सेट' नामक वार्षिक पत्रकात यादीत किती जणांना ठेवले व त्यांतून किती घेतले, हे आकडे प्रसिद्ध करतात. ते वाचल्यावर "प्रवेश झाल्यातच जमा आहे" असे सांगत फिरणे आमच्या बंधूंनी थांबविले.

दुसऱ्या एका महाविद्यालयाने तिला होकार दिला होता. तेथे अनामत भरून जागा राखणे अवश्य होते, व प्रतीक्षायादी उघडल्यास ती रक्कम बुडणार होती. बंधूंना ते जिवावर आले. तरी त्यांनी ती भरली. इकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षाही तिने मे महिन्यात दिली. गणितासाठी ते स्थान कोणत्याही परदेशी महाविद्यालयाच्या पंक्तीस बसण्याजोगे आहे, असे आमचे मत आम्ही तेव्हाच सांगितले होते.

आता पत्राविषयी. यादीत राहण्याची इच्छा कळविताना विद्यार्थ्यास एक पत्र लिहिता येते. एका सल्लागाराने आणखी दहा शिफारसपत्रे जोडा असे सुचविले. आम्ही म्हणालो, एक पान पुरे. मात्र त्यात अर्जानंतर घडलेले काही नवे हवे. नवे काय, तर मुलीस आपलीच चूक सापडली होती! अर्जासोबत तिने एक टिपण पाठविले होते. त्यात उणे पाचाचे वर्गमूळ मिसळून होणाऱ्या संख्यांचेही साध्या पूर्णांकांप्रमाणे एकाच प्रकारे अवयव पडतात, असे तिने गृहीत धरले होते. वस्तुतः 6 म्हणजे 2 × 3, आणि 6 म्हणजेच (1 + √−5) × (1 − √−5). हे अवयव आणखी फुटत नाहीत, व एका जोडीतील अवयव दुसरीतल्या अवयवांशी जुळतही नाहीत. टिपणातील सिद्धता तेथेच कोसळली.

हे तिला पत्रात लिहावयाचे होते. बंधू संतापले. "दारात उभे असताना स्वतःची चूक कोण सांगतो?" असे ते म्हणाले, आणि दोन दिवस घरात बोलणे नव्हते. आम्ही त्यांना लामे या फ्रेंच गणितज्ञाची हकीगत सांगितली. 1847 साली पॅरिसच्या अकादमीपुढे त्याने फेर्माच्या प्रमेयाची सिद्धता मांडली; लियूव्हिलने तेथेच शंका काढली, ती याच जातीच्या गृहीतकावर. बंधूंचे समाधान झाले नाही, परंतु त्यांनी विरोध सोडला. मुलीने चूक लिहिली, आणि तेवढ्याने टिपणाचा कोणता भाग शाबूत राहतो हेही लिहिले. पुन्हा पत्र पाठवून तगादा लावला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बोलावणे आले. उत्तरास मोजके दिवस होते. अर्थसाहाय्य मिळेल काय, हे प्रथम विचारावे असा आम्ही आग्रह धरला, कारण यादीतून घेतलेल्यांस ते मिळेलच असे नसते. मिळाले, परंतु अपेक्षेहून कमी; उरलेल्यासाठी कर्ज काढावे लागले. मग आय-20 हे पत्र, व्हिसाची मुलाखत, यांत जुलै संपला. अनामत बुडाली ती बुडालीच.

त्या पत्रामुळेच दार उघडले असे आम्ही म्हणणार नाही. निवडीचे कारण त्यांनी कळविले नाही, आणि तेथे निवड बहुधा प्रवेश-कार्यालय करते, गणित-विभाग नव्हे. ज्यांची मुले यंदा अर्ज करीत आहेत त्यांनी समारंभानंतर आम्हांस भेटावे. पत्राची प्रत आम्ही आणली आहे. दाखविण्यास मुलीची अनुमती आहे, तिच्या वडिलांची अद्याप नाही.